कंबरदुखी आणि मणक्यालगतचे आतले स्नायू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे येणारे लोक सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न बहुधा निघता निघता, चपला घालताना विचारतात. म्हणून सुरुवात त्याच प्रश्नापासून करते.

मॅडम, आता दुखत नाही. मग व्यायाम कशाला?

दुखणं थांबलं म्हणजे स्नायू भरून आला असं होत नाही, म्हणून.

ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या क्वीन्सलँड विद्यापीठात ज्युली हाइड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे सोनोग्राफीने मोजून पाहिलं. कंबर नुकतीच एका बाजूने धरलेल्या लोकांमध्ये, त्याच बाजूला आणि बहुतेक वेळा एकाच मणक्यालगत, मल्टिफिडस नावाचा स्नायू बारीक झालेला त्यांना १९९४ साली आढळला. मग आयुष्यात पहिल्यांदाच कंबर धरलेल्या ३९ जणांचे त्यांनी दोन गट केले. एका गटाला नेहमीचे औषधोपचार आणि दुसऱ्याला त्यासोबत या स्नायूचा खास व्यायाम. चार आठवड्यांत दोन्हीकडच्या बहुतेकांचं दुखणं गेलं, माणसं कामाला लागली. पण फक्त औषधं घेतलेल्यांचा स्नायू दहाव्या आठवड्यातही भरलेला नव्हता. व्यायाम केलेल्यांचा भरला होता. पुढच्या वर्षभरात पहिल्या गटातल्या ८४ टक्के लोकांची कंबर पुन्हा धरली, दुसऱ्या गटात ३० टक्के लोकांची.

३९ माणसं म्हणजे लहान अभ्यास. त्यामुळे ८४ आणि ३० हे आकडे दगडावरची रेघ मानू नका. पण "दर पावसाळ्यात माझी कंबर धरतेच" असं सांगणारा माणूस समोर बसला की मला हाच अभ्यास आठवतो. पहिल्या वेळी गोळी घेतली, चार दिवसांत बरं वाटलं, आणि तो बारीक झालेला स्नायू तसाच राहिला. पुढच्या खेपेला साधी बादली उचलण्याचं निमित्त होतं.

हे आतले स्नायू नेमके असतात कुठे?

पाठीला हात लावल्यावर मणक्याच्या दोन्ही बाजूंना जे जाड दोर लागतात, ते बाहेरचे स्नायू. ते मोठे, लांब आणि ताकदीचे. वाकलेलं अंग सरळ करणं हे त्यांचं काम. त्यांच्या आत, मणक्याला अगदी खेटून मल्टिफिडस असतो. त्याचे छोटे छोटे धागे एका मणक्यापासून निघून दोन ते चार मणके खाली जाऊन चिकटतात. कमरेच्या पाच मणक्यांपैकी खालच्या दोघांवर सगळ्यात जास्त भार येतो, आणि हा स्नायू जाडही तिथेच असतो.

तो एकटा काम करत नाही. पुढून पोटाचा सगळ्यात आतला आडवा स्नायू, वरून श्वासपटल (छाती आणि पोटामधला स्नायूंचा पडदा) आणि खालून ओटीपोटाचा तळ, म्हणजे लघवी रोखून धरणारे स्नायू, असा चौघांचा डबा बनतो. त्या डब्यात योग्य दाब असला की मणके एकमेकांवर नीट बसून राहतात.

बोटाने तपासायचं असेल तर उभं राहून कमरेच्या अगदी खाली, मणक्याच्या हाडाला लागून दोन्ही अंगठे रोवा. किंचित मागे रेला, तिथलं मांस सैल लागेल. आता न वाकता अख्खं अंग घोट्यातून थोडं पुढे झुकवा. अंगठ्याखाली काहीतरी घट्ट होतं ना? सारखं दुखणाऱ्या माणसाला कित्येकदा एका बाजूला पटकन घट्टपणा जाणवतो, तर दुसऱ्या बाजूला उशिरा.

म्हणजे माझे स्नायू कमजोर आहेत. मग जिमला जाऊन वजनं उचलू?

आधी वेळेचं बघू, ताकद नंतर. पॉल हॉजेस आणि कॅरोलिन रिचर्डसन यांनी १९९६ साली एक सोपा प्रयोग केला: उभ्या माणसाला हात झटकन वर करायला सांगायचं आणि कोणता स्नायू कधी जागा होतो ते पाहायचं. निरोगी माणसात हात हलण्याच्या आधीच पोटाचा आतला आडवा स्नायू कामाला लागलेला होता. कंबरदुखी असलेल्यांत तो उशिरा आला. ओझं गाडीत चढलं आणि हमाल मागाहून आला, तसं.

म्हणून पहिल्या दोन आठवड्यांचा व्यायाम लोकांना फार किरकोळ वाटतो. घाम येत नाही, काही उचलल्यासारखं वाटत नाही. तरुण मुलं तर "एवढंच?" असं तोंडावर विचारतात. हो, एवढंच. पूर्ण जोर लावला की बाहेरचे मोठे स्नायू पुढे सरसावतात आणि आतले पुन्हा स्वस्थ बसतात.

व्यायामाआधी डॉक्टरांना दाखवणं कधी गरजेचं असतं?

हे उत्तर वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका.

लघवी अडकणं किंवा नकळत होणं, शौचावरचा ताबा सुटणं, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि बसायच्या जागी बधिरपणा येणं, यातलं काहीही कंबरदुखीसोबत सुरू झालं तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, मोठ्या रुग्णालयात जा. तिथे तासांना किंमत असते. पाऊल उचलता न येणं, चप्पल पायातून निसटणं, पायाची ताकद दिवसागणिक कमी होणं, हेही तातडीचंच.

संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरणं, रात्री झोपमोड करणारं दुखणं असेल तर मणक्याचा क्षयरोग तपासायलाच हवा. आपल्याकडे तो दुर्मीळ नाही, आणि "कमरेला मार लागला असेल" म्हणून महिनोन्‌महिने मालिश करत राहिलेली माणसं मी पाहिली आहेत. आधी कर्करोग झालेला असणं, पडल्यावर किंवा अपघातानंतर दुखणं सुरू होणं, बरेच दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असणं, हाडं ठिसूळ झालेल्या वयात अचानक पाठीत कळ येणं, या सगळ्यांत आधी तपासणी, मग व्यायाम. तिशीच्या आतबाहेरच्या माणसाची कंबर सकाळी अर्ध्या तासाहून जास्त आखडत असेल आणि हालचालीने मोकळी होत असेल, तर संधिवाताच्या डॉक्टरांना दाखवावं.

एमआरआयमध्ये मणक्यांमधली गादी सरकल्याचं आलंय. आता व्यायाम धोक्याचा नाही का?

अहवालातले शब्द वाचून माणूस हबकतो, आणि घाबरलेला माणूस हलायचं सोडतो. मला खरी काळजी त्याची वाटते. ज्यांना कसलंच दुखणं नाही अशा लोकांच्या तपासण्या एकत्र करून २०१५ साली एक मोठा आढावा निघाला. विशीतल्या निरोगी लोकांपैकी ३० टक्क्यांच्या गाद्या फुगलेल्या होत्या, ऐंशीच्या घरातल्यांपैकी ८४ टक्क्यांच्या. गादीची झीज विशीत ३७ टक्के, ऐंशीत ९६ टक्के. थोडक्यात, केस पिकावेत तसं बरंचसं.

कळ पायात उतरत असेल, मुंग्या येत असतील तर व्यायाम बदलावे लागतात, आणि तिथे प्रत्यक्ष तपासणी केल्याशिवाय मी काही सांगत नाही. दुखणं कंबरेपुरतंच असेल आणि वरची कोणतीही खूण नसेल, तर अहवालात गादीचा उल्लेख आहे एवढ्यावरून व्यायाम सोडू नका.

सुरुवात कशी करू? अगदी पहिल्या दिवसापासून सांगा.

सतरंजीवर उताणे पडा, गुडघे दुमडून तळवे जमिनीला. खुब्याच्या पुढच्या हाडाची टोकं चाचपा, तिथून दोन बोटं आत आणि जरा खाली बोटं रोवून ठेवा. श्वास आत घ्या, सोडा, आणि सोडून झाल्यावर बेंबीखालचं पोट हळूच आत घ्या. लघवी मध्येच थांबवताना जेवढं आवळतो तेवढंच. बोटांखाली कापड ताणल्यासारखं वाटायला हवं. पोट फुगून बोटं वर ढकलली गेली, तर जोर जास्त झाला. आता श्वास चालू ठेवून दहा सेकंद धरा. श्वास कोंडला तर मोजू नका, पुन्हा करा. असे दहा. यातली ९० टक्के मेहनत श्वास न कोंडण्याची आहे, आणि प्राणायामाची सवय असलेले इथे भराभर पुढे जातात.

मग कुशीवर वळा. वरच्या हाताचा अंगठा कमरेच्या तळाशी, मणक्याला लागून ठेवा. मणका न हलवता अंगठ्याखालचा स्नायू फुगवून अंगठ्याला वर ढकलायचंय असं मनात आणा. पहिले दोन-तीन दिवस काहीच होत नाही. खूप जण इथे वैतागतात. वैतागू नका. चौथ्या-पाचव्या दिवशी अंगठ्याला पुसटसं काही जाणवलं की ती जागा सापडली म्हणून समजा. दुखऱ्या बाजूला जास्त वेळ द्या.

झोपून जमलं की तेच बसून, मग उभं राहून, मग चालताना. शेवटी पाण्याची कळशी उचलण्याआधी ते आपोआप व्हायला लागतं. तिथवर पोचायला बहुतेकांना सहा ते आठ आठवडे लागतात.

आणि त्यापुढे?

पुढे तीन व्यायाम. कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठाचे स्टुअर्ट मॅगिल यांनी मणक्यावर कमी भार टाकून जास्त स्नायू कामाला लावणारे म्हणून ते निवडले, आणि आज जगभर ते शिकवले जातात.

पहिला, रांगत्या बाळासारखं हातागुडघ्यांवर येऊन उजवा हात पुढे आणि डावा पाय मागे लांबवणं, मग उलट. योगाभ्यास करणाऱ्यांना हे व्याघ्रासनाच्या जवळचं वाटेल, पण इथे पाठीची कमान करायची नाही. घरी शिकताना कमरेवर लाटणं आडवं ठेवा. पाय उचलताना लाटणं घरंगळलं, तर कंबर एका अंगाला कलली. हात-पाय आणखी उंच नेण्यात काही मिळत नाही, लाटणं जागेवर राहण्यात मिळतं.

दुसरा, कुशीवर कोपर टेकवून कंबर उचलून धरणं. सुरुवातीला गुडघे दुमडून, गुडघ्यांवरच भार घेऊन. खांदा दुखत असेल तर भिंतीला कोपर टेकून उभ्यानेच.

तिसरा, उताणं पडून एक गुडघा दुमडायचा, दोन्ही हात कमरेच्या पोकळीखाली सरकवायचे आणि डोकं-खांदे जमिनीपासून जेमतेम उचलायचे. हातांखालची पोकळी सपाट होता कामा नये.

एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त धरू नका. जास्त वेळ धरण्यापेक्षा सोडून परत करा, म्हणजे स्नायूला रक्त मिळतं. आधी सहा वेळा, थोडा दम घेऊन चार वेळा, मग दोन वेळा. थकवा वाढत जातो तशी संख्या घटत जाते, आणि शेवटची फेरीही नीट होते.

एका व्हिडिओत पोट आत घ्या म्हणतात, दुसऱ्यात पोट ताठ करा. खरं काय?

या दोन मतांचा वाद तज्ज्ञांतही जुना आहे. ब्रिस्बेनच्या मंडळींनी पोट हळूच आत घ्यायला शिकवलं. मॅगिल यांचं म्हणणं असं की कुणीतरी पोटात बुक्का मारणार असल्यासारखं पोट चहूबाजूंनी ताठ केल्याने मणका जास्त स्थिर राहतो. मी दोन्ही वापरते. निजलेला स्नायू शोधून जागा करायला पहिली रीत, पोतं उचलायच्या वेळी दुसरी. दिवसभर पोट आत ओढून चालणं मात्र कुणीही सांगितलेलं नाही, तसं करू नका.

सकाळी उठल्या उठल्या करू का? सूर्यनमस्कार चालतील?

रात्रभर झोपल्यावर मणक्यांमधल्या गाद्या पाणी शोषून टम्म फुगलेल्या असतात. सकाळी आपली उंची संध्याकाळपेक्षा सेंटिमीटरभर जास्त भरते ती त्यामुळेच. फुगलेली गादी वाकवली की तिच्यावर ताण जास्त पडतो. सकाळच्या पहिल्या काही तासांत वाकणं टाळायला शिकवल्यावर जुनी कंबरदुखी कमी झाल्याचं १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं होतं.

आता आपल्या घरांतली सकाळ आठवा. साडेपाचला नळाला पाणी येतं, बाईमाणूस अंथरुणातून उठून थेट हंडे उचलते, मग वाकून केर काढते. ज्या तासात कंबरेला जपायचं, त्याच तासात दिवसातली सगळ्यात वाईट कामं. हे एका व्यक्तीच्या व्यायामाने सुटणारं नाही. घरातल्या बाकीच्यांनी हंडे उचलायला आणि केर काढायला हात लावायलाच हवा, आणि मी हे नवऱ्याला, मुलाला समोर बसवून सांगते. लांब दांड्याचा झाडू आणा. हंडा काठोकाठ भरू नका.

सूर्यनमस्कार उत्तम आहेत, फक्त उठल्यावर तासाभराने घाला. कंबर धरलेली असताना ओणवं होणं टाळा. उताणं पडून, पाय सरळ ठेवून पूर्ण उठून बसण्याचे पोटाचे व्यायाम मात्र कंबरदुखीवाल्यांना मी देत नाही.

कमरेचा पट्टा लावू का?

जागतिक आरोग्य संघटनेने जुन्या कंबरदुखीसाठी डिसेंबर २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या. नेहमीच्या उपचारांत पट्टे नकोत, असं त्यात स्पष्ट म्हटलंय. वजनं लावून कंबर खेचण्याच्या उपचारालाही नकार आहे. शस्त्रक्रियेनंतर किंवा मणका मोडलेला असताना डॉक्टरांनी दिलेला पट्टा वेगळा, तो त्यांना विचारूनच काढा.

सिझेरियनच्या वेळी पाठीत इंजेक्शन दिलं, तेव्हापासूनची कंबरदुखी जातच नाही.

जवळजवळ प्रत्येक बाळंतीण हे सांगते, आणि तिच्या दुखण्याला कुणी खोटं म्हणू नये. पण त्या सुईने वर्षानुवर्षं कंबर दुखते असं अभ्यासांत दिसलेलं नाही. सुईची जागा काही दिवस दुखते आणि मग थांबते.

कारण शोधायचं तर वर सांगितलेल्या चार स्नायूंच्या डब्याकडे पाहा. नऊ महिने पोटाची भिंत ताणली गेली, कित्येकींचे पोटाचे उभे स्नायू मधून फाकले, ओटीपोटाचा तळ सैल झाला. मग वाकून बाळाला अंघोळ, मान-पाठ मुडपून दूध पाजणं, अपुरी झोप. डब्याच्या दोन भिंती ढिल्या झाल्यावर बाकीच्या कुठवर धरणार? पोट बांधल्याने आधार वाटतो, पण बांधलेलं कापड स्नायूची जागा घेत नाही. हळू श्वास सोडत ओटीपोटाचा तळ आवळणं हे बहुतेकींना पहिल्या काही दिवसांतच सुरू करता येतं. पोटावर भार येणारे व्यायाम साधारण सहा आठवड्यांनी, तुमच्या डॉक्टरांनी टाके पाहून हो म्हटल्यावर.

उसण भरली की आमच्याकडे पायाळू माणसाचा पाय लावून घेतात. करावं का?

पाय नुसता टेकवला तर अपाय नाही. लाथ मारून घेऊ नका. उसण बहुतेक वेळा काही दिवसांत आपली आपणच उतरायला लागते, त्यामुळे त्या दिवसांत जे केलं त्याला यश मिळतं. दोन दिवसांपेक्षा जास्त अंथरूण धरू नका. घरात थोडं थोडं चाला, शेक घ्या, कुशीवर वळून हाताच्या आधाराने उठा. आणि वर सांगितलेला श्वासाचा पहिला व्यायाम उसण असतानाही करता येतो, किंबहुना तेव्हाच सुरू करावा.

भातलावणीला दिवसभर ओणवं राहावं लागतं. आम्ही काय करायचं?

"वाकू नका" हा सल्ला चिखलात उभ्या असलेल्या बाईला देणं मला लाजिरवाणं वाटतं. बराच वेळ वाकून राहिलं की आतले स्नायू ढिले पडतात, आणि सरळ झाल्यावरही काही वेळ ढिलेच राहतात. म्हणून ओळ संपली की कमरेवर हात ठेवून चार-पाच वेळा हळूच मागे रेला, दोन मिनिटं उभ्याने चाला, मग पेंढी उचला. ओणव्यातून उठल्या उठल्या ओझं उचलणं टाळता आलं तर पुष्कळ झालं. तीन व्यायाम लावणीच्या दिवसांत नाही जमले तरी चालेल. वैशाख-जेठात, पावसाच्या आधी, दीड-दोन महिने करून ठेवा.

दुचाकीवर खड्ड्यांतून तासभर आलेल्यांनाही हेच. गाडीवरून उतरून लगेच सिलिंडर उचलू नये.

करताना दुखलं तर थांबायचं?

हलकं दुखणं, जे दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत मूळपदावर येतं, ते चालतं. कळ कमरेतून मांडीत, पोटरीत उतरायला लागली तर तो व्यायाम थांबवा.

म्हणजे हे व्यायाम बाकी सगळ्यांपेक्षा श्रेष्ठ?

नाहीत. हे मला मोकळेपणी सांगायलाच हवं, कारण "कोअर"च्या, म्हणजे याच आतल्या स्नायूंच्या, नावावर महागडे वर्ग विकले जातात. जुन्या कंबरदुखीसाठी अशा व्यायामांच्या २९ चाचण्यांचा, म्हणजे २,४३१ रुग्णांचा, कॉक्रेन संस्थेचा आढावा २०१६ साली आला. काहीच न करण्यापेक्षा हे व्यायाम फायद्याचे ठरले. पण इतर प्रकारच्या व्यायामांपेक्षा ते फारसे सरस निघाले नाहीत. पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांनी घडवलेल्या योगपद्धतीचीही अमेरिकेत जुन्या कंबरदुखीवर चाचणी झाली, आणि तिथेही दुखणं कमी झालं.

चालण्याचं तर आणखी कौतुक वाटतं. सिडनीच्या मॅक्वायरी विद्यापीठाने ७०१ माणसांवर केलेला अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. कंबरदुखीतून नुकतेच उठलेले लोक हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्धा तास चालण्यापर्यंत गेले. चालणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांचं दुखणं परतायला २०८ दिवस लागले, न चालणाऱ्यांपैकी निम्म्यांचं ११२ दिवसांतच परतलं.

मग मी आतल्या स्नायूंपासून सुरुवात का करते? कारण कंबर धरलेल्या माणसाला स्वतःच्या पाठीची भीती बसलेली असते. पडल्या पडल्या, न दुखता, अंगठ्याखाली आपलाच स्नायू जागा होताना जाणवला की ती भीती उतरते. तिथून तो चालायला लागतो, शेतात जातो, पोहायला जातो. जो पुढे वर्षभर टिकेल तो व्यायाम निवडा, माझी हरकत नाही.

आई ७४ वर्षांची आहे, जमिनीवर बसता-उठता येत नाही. तिच्यासाठी काही?

पलंगावर करू द्या, गादी फार मऊ नको. श्वासाचा व्यायाम आहे तसाच. रांगण्याच्या व्यायामाऐवजी ओट्याला दोन्ही हात टेकवून उभं राहायचं, पोट हळूच आत घेऊन एक पाय मागे वीतभर उचलायचा, दहा सेकंद, मग दुसरा. भाजी फोडणीला टाकून शिजेपर्यंत सहा-सहा वेळा होतात. खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं रोज पाच वेळा, खुर्ची भिंतीला टेकवलेली हवी. पहिल्या आठवड्यात शेजारी कुणीतरी उभं राहा.